सोळा घरं घेऊन मेक्सिकोत उतरलेला शिपाई

आधीच सांगून टाकतो, हा रिव्ह्यू एका पुस्तकाच्या प्रतीचा आहे आणि ते पुस्तक लिहिणाऱ्या माणसाचाही आहे, दोन्ही एकमेकांत मिसळलंय त्याला माझा इलाज नाही. प्रतीला एक स्टार, तोही कागद बऱ्यापैकी जाड आहे म्हणून. माणसाला पाच. जिथून ऑनलाइन घेतलं तिथे दोघांना वेगवेगळे स्टार द्यायची सोय नाही, सरासरी काढून तीन दिले असते तर छापणाऱ्याचं फावलं असतं, म्हणून हा एवढा प्रपंच.

पुस्तक कुठलं, तर बेर्नाल दियास देल कास्तियो या स्पॅनिश शिपायाने म्हातारपणी लिहिलेली मेक्सिकोच्या स्वारीची हकीकत. (दियास म्हणजे आपले डायसच, गोव्यात दर दुसऱ्या वाड्यावर एक भेटतो, फक्त आपल्याकडे ते पोर्तुगीज वळणाने आले.) मूळ नाव लांबलचक आहे, अर्थ साधारण 'नव्या स्पेनच्या विजयाचा खरा इतिहास' (नवा स्पेन म्हणजे मेक्सिकोचा तो मुलूख). त्यातल्या 'खरा' या शब्दातच सगळी गोम आहे, त्यावर येतोच. मी घेतली ती जॉन लॉकहार्ट नावाच्या माणसाने केलेल्या आणि १८४४ साली लंडनला छापलेल्या इंग्रजी भाषांतराची आजची रीप्रिंट. १८४४ चं म्हणजे कॉपीराइट कधीच संपलेला, कोणीही उठावं, जुनी प्रत स्कॅन करावी, ऑर्डर आली की एक छापावी आणि नऊशे रुपयाला विकावी. धंदा म्हणून वाईट नाही, पण छापायच्या आधी एकदा कोणी वाचावं की नाही?

घ्यायचं कारण अगदीच घरगुती. धाकट्याला शाळेत प्रोजेक्ट होता, गोव्याच्या जेवणात बाहेरून काय काय आलं. मिरसांग म्हणजे मिरची, टोमॅटो, पेरू, पपई, चिकू, काजू अशी यादी करत बसलो आणि बायको म्हणाली की हे सगळं काढलं तर आपल्या शागुतीत उरतं काय, नारळ? मग मिरची खायची माणसं पहिल्यांदा ज्यांनी बघितली त्यांनी काय लिहून ठेवलंय ते शोधता शोधता या बेर्नालबाबावर येऊन पोचलो. त्याच्या पुस्तकात मिरची आहे, आणि कशी आहे म्हणाल तर, मेक्सिकोतल्या चोलुला गावच्या लोकांनी आम्हाला मारून खायची तयारी केली होती, भांडी चढवून त्यात मीठ मिरची टोमॅटो घालून ठेवलं होतं, असं तो लिहितो. प्रोजेक्टमध्ये हे घालता आलं नाही अर्थात.

पार्सल डिचोलीला आलं जूनच्या पहिल्या आठवड्यात, भर पावसात, कुरियरवाला बिचारा नखशिखांत भिजलेला, पण पुस्तक कोरडं. इथवर सगळं ठीक. उघडलं तर कव्हरवर पवनचक्की. आता मेक्सिकोच्या स्वारीत पवनचक्की कुठून आली? मला वाटतं कोणीतरी 'स्पेन' एवढा एकच शब्द टाकून फोटो शोधला आणि पहिला आला तो चिकटवला. बरं, ते सोडा. पाठीमागच्या मजकुरात लिहिलंय की लेखक हा एर्नान कोर्तेसचा, म्हणजे या स्वारीच्या सेनापतीचा, खाजगी पाद्री होता. हे वाचून मी खुर्चीतच हसलो, कारण म्हाताऱ्याने उभा जन्म ज्या माणसावर राग धरला तो नेमका हा पाद्री! त्याचं नाव फ्रान्सिस्को लोपेझ दे गोमारा. याने स्पेनमध्ये बसून, अमेरिकेत कधी पाय न ठेवता, १५५२ साली स्वारीचा इतिहास छापला आणि त्यात सगळं कोर्तेसने केलं, कोर्तेसने ठरवलं, कोर्तेसने जिंकलं. बाकीचे पाचशे जण बहुतेक पालखीबरोबर चालत होते. तिकडे ग्वातेमालात बेर्नाल आपल्या आठवणी लिहीत बसलेला, त्याच्या हातात ते पुस्तक पडलं. आधी तर तो खचला, इतकी सुंदर भाषा, आपण अडाणी, आपलं कोण वाचणार म्हणून लिहिणंच थांबवलं. मग जरा पुढे वाचलं तर थापाच थापा, आणि असा पेटला की मरेपर्यंत लिहीत राहिला.

त्याची खेकसायची पद्धत मला फार आवडली. एका लढाईत संत याकोब की संत पेद्रू घोड्यावर बसून मदतीला आले असं गोमाराने लिहिलंय. बेर्नाल म्हणतो, असेलही बाबा, मी पापी माणूस, मला दिसले नसतील, मला दिसला तो तपकिरी घोड्यावरचा फ्रान्सिस्को दे मोर्ला, तो आमच्याबरोबरच आला होता. बस. याच्यावर कोण काय बोलणार?

घोड्यांवरून आठवलं. या प्रतीतला सगळ्यात मोठा विनोद तोच. पुस्तक स्कॅन करून मशीनकडून अक्षरं ओळखून घेतलेली, त्यामुळे इंग्रजी 'हॉर्स'चं बऱ्याच ठिकाणी 'हाउस' झालंय. म्हणजे कोर्तेस १५१९ साली अकरा जहाजं, पाचशेच्या वर शिपाई आणि सोळा घरं घेऊन निघाला. एक घर लालसर रंगाचं आणि चपळ, एक घर लढाईत काही कामाचं नाही, आणि हवानाच्या हुआन सेदेन्योचं घर जहाजावरच व्यालं! पहिल्यांदा मला कळेचना, भाषांतरकाराचं डोकं फिरलं की माझं. नीट वाचलं तर म्हाताऱ्याने पन्नासेक वर्षांनी सोळाही घोडे एकेक करून सांगितलेत, कोणाचा, रंग काय, पळायला कसा, घोडी होती की घोडा. गावातली जुनी माणसं नाही का, गोठ्यातल्या बैलांची नावं चाळीस वर्षांनी सांगतात, मालकाचं नाव विसरतील पण बैल नाही, तसं. नुसती ही यादी वाचून सुद्धा खात्री पटते की हा माणूस तिथे होता. आणि नेमक्या त्याच पानाची मशीनने वाट लावली.

बाकी चुका काय किती सांगू. पानाच्या वर असलेलं प्रकरणाचं नाव मध्येच वाक्यात घुसलेलं, तळटीप परिच्छेदाच्या पोटात, एक नकाशा नाही, सूची नाही, अक्षर एवढं बारीक की माझा चष्म्याचा नंबर वाढला तर बिल त्यांना पाठवीन. मूळ भाषांतराचे दोन्ही भाग एका ठोकळ्यात कोंबलेत आणि बाइंडिंग नुसतं गोंदाचं. गोव्याच्या जुलैत नुसतं गोंदाचं बाइंडिंग! पंधरा दिवसांत पुस्तकाला तो ओला वास लागला, महिन्याभरात मधली पानं सुटी झाली. कपाटात कापराच्या वड्या, बल्ब, सगळं करून झालं.

रिटर्नचं सांगतो, थोडक्यात. सात दिवसांत फोटो काढून पाठवले, बदली प्रत आली, तीही तशीच, पवनचक्कीसकट. परत तक्रार केली तर म्हणे, 'हे ऐतिहासिक पुस्तक असल्यामुळे मूळ प्रतीतले दोष राहू शकतात.' मूळ प्रतीत घोड्याचं घर नव्हतं हो. शेवटी अर्धे पैसे परत दिले आणि एक प्रत ठेवून घ्या म्हणाले. म्हणून तो एक स्टार खरं तर कागदाला अर्धा आणि अर्ध्या पैशांना अर्धा असा धरा.

पण गंमत अशी की या माणसाच्या नशिबात हे पहिल्यापासूनच आहे. त्याने हस्तलिखित १५७५ साली स्पेनला पाठवलं, ते तिथे पडून राहिलं, १५८४ मध्ये तो ग्वातेमालात वारला, आणि पुस्तक छापून आलं कधी तर १६३२ ला, माद्रिदला. तेही आलोन्सो रेमोन नावाच्या एका साधूने हात फिरवून. हा साधू मर्सेदारियन संघाचा, आणि कोर्तेसबरोबर गेलेला पाद्री ओल्मेदो पण त्याच संघाचा, त्यामुळे ओल्मेदोची कामगिरी छापील पुस्तकात अशी फुगली की विचारू नका. जो माणूस 'खरा इतिहास' म्हणून उर फोडून सांगतोय त्याच्याच वहीत दुसऱ्याने आपला माणूस घुसवला! नशीब की म्हाताऱ्याने एक प्रत घरी ठेवलेली, तिच्यात तो शेवटपर्यंत खाडाखोड करत होता, ती ग्वातेमालातच राहिली आणि १९०४ साली मेक्सिकोत हेनारो गार्सियाने तिच्यावरून छापलं तेव्हा कुठे लोकांना त्याचं मूळ बोलणं वाचायला मिळालं. हिशोब केला तर माझी १८४४ ची प्रत म्हणजे साधूने हात मारलेलीच, वर आता मशीनने मारलेली. २०१२-१३ च्या सुमारास तर एका फ्रेंच अभ्यासकाने, ख्रिस्तियान दुव्हेर्जेने, असं पण मांडलं की हे पुस्तक बेर्नालचं नाहीच, खुद्द कोर्तेसने लिहिलं. बऱ्याच जाणकारांना ते पटलेलं नाही, मला तर बिलकुल नाही. कोर्तेस स्वतःलाच अशा शिव्या कशाला घालेल?

शिव्या म्हणजे, ऐका. अझ्टेक लोकांची राजधानी तेनोच्तित्लान पडली १३ ऑगस्ट १५२१ ला, आणि सोनं वाटायची वेळ आली तर राजाचा पाचवा हिस्सा काढला, मग कोर्तेसने स्वतःचा पाचवा काढला, मग हे खर्च ते खर्च, आणि शिपायाच्या हातात पडलं ते बघून लोक पिसाळले. कोर्तेस राहत होता त्या कोयोआकानच्या वाड्याच्या भिंती नुकत्याच चुना मारून पांढऱ्याफेक केलेल्या, तर रोज सकाळी त्यांच्यावर कोळशाने त्याच्याविरुद्ध टोमणे लिहिलेले, काही कवितेत. कोर्तेसला पण यमक जमायचं, तो खाली उत्तर लिहायचा. शेवटी वैतागून त्याने लिहिलं, पांढरी भिंत म्हणजे मूर्खांचा कागद. दुसऱ्या दिवशी खाली उत्तर हजर, शहाण्यांचाही, आणि सत्याचाही. पाचशे वर्षांपूर्वीचा हा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप, अ‍ॅडमिनसकट. आमच्या हाउसिंग सोसायटीच्या ग्रुपवर मी हे टाकलं तर सेक्रेटरीने दोन दिवस बोलणं टाकलं.

बाजाराचं प्रकरण मात्र कोणीही वाचावं, या फाटक्या प्रतीत सुद्धा. राजधानीला लागून असलेल्या त्लातेलोल्कोचा बाजार. सोनं, पिसं, कापड, गुलाम, कोको, ससे, हरणं, भाज्या, मातीची भांडी, मध, लाकूड, प्रत्येक मालाची जागा ठरलेली. तो म्हणतो आमच्या मेदिना देल काम्पोला जत्रा भरते तिथे प्रत्येक मालाची वेगळी ओळ असते अगदी तसंच. मेदिना हे त्याचं जन्मगाव. शुक्रवारी म्हापशाच्या बाजारात गेलेल्याला हे लगेच कळतं, चोरिसांची (सॉसेजची) रांग वेगळी, मडकी वेगळी, केळी वेगळी, नवीन माणूस चुकेल पण जुना वासावरून जाईल. आणि मग अचानक लिहितो की क्षमा असावी, पण बाजाराजवळच्या खाडीत माणसाच्या विष्ठेने भरलेल्या होड्या पण विकायला उभ्या होत्या, मीठ करायला की कातडी कमवायला लागते म्हणून. जो माणूस हे लिहितो त्याच्यावर माझा सोन्याच्या प्याल्याबद्दल पण विश्वास बसतो. (अझ्टेक राजा मोक्तेसुमा सोन्याच्या प्याल्यातून फेसाळ कोको प्यायचा, ते पण आहे.)

आमचे एक मामा आहेत, साखळीला असतात, मराठा लाइट इन्फंट्रीतून हवालदार म्हणून रिटायर झालेले, वय आता ऐंशीच्या पुढे. त्यांना मी रविवारी जाऊन थोडं थोडं वाचून दाखवायला लागलो, इंग्रजी वाचायचं आणि कोकणीत सांगायचं. पहिल्या दिवशी ते अर्धवट झोपेत. गोमाराचं सांगितलं तसे उठून बसले, 'तो थंय गेल्लोच ना मरे, मागीर ताणें कशें बरयलें?' (तो तिथे गेलाच नाही, मग त्याने कसं लिहिलं?) म्हटलं हाच तर म्हाताऱ्याचा प्रश्न आहे. मग बेर्नाल लढाईच्या आधी त्याला काय व्हायचं ते सांगतो तो भाग आला. वेढ्याच्या वेळी पकडलेल्या साथीदारांना देवळाच्या उंच पायऱ्यांवर नेऊन बळी देताना त्याने लांबून बघितलं होतं, तेव्हापासून लढाईला निघायच्या आधी छातीत धस्स व्हायचं, एकदोनदा लघवीला जावं लागायचं, मग देवाचं नाव घेऊन आत शिरलो की भीती जायची. हे लिहिणारा माणूस स्वतःच्या हिशोबाने शंभरच्या वर लढाया लढलेला, १५१७ च्या पहिल्याच मोहिमेत तीन बाण खाल्लेला. मामा काहीच बोलले नाहीत.

पुढच्या रविवारी झोपेचा भाग वाचला. चिलखत, गळपट्टा, जोडे सगळं घालून झोपायची एवढी सवय लागली की लढाया संपल्यावर पण त्याला गादीवर झोप लागेना, कपड्यांनिशी पडायचं, आणि रात्री थोडा वेळ डोळा लागला की उठून दवात फिरायचं, आकाश बघायचं. म्हातारपणी सुद्धा तसंच. हे मी फुशारकीने सांगत नाही, सवय कशी असते ते कळावं म्हणून सांगतो, असंही पुढे जोडलंय. इथे मामी आतून बाहेर आल्या आणि म्हणाल्या, 'परत वाच.' कारण मामा गेली कित्येक वर्षं सोप्यावर झोपतात, खोलीत खाट आहे, गादी आहे, पंखा आहे, पण नाही, आणि तीन वाजता टॉर्च घेऊन अंगणात. आम्ही सगळे त्याला गॅसेसचा त्रास समजत होतो.

बरं, आता दुसरी बाजू, नाहीतर कोणीतरी खाली लिहिणारच. हा सगळा एका बाजूचा हिशोब आहे, जिंकणाऱ्याचा. बेर्नाल १५१४ ला स्पेन सोडून निघाला, त्याच्या चारच वर्षं आधी आल्बुकेर्कने आपला गोवा घेतला आणि घेताना काय कत्तल केली ते आपल्याला ठाऊक आहे, त्यामुळे देवाची आणि राजाची सेवा हे शब्द दर चार पानांनी आले की गोव्याचा माणूस जरा सावरून बसतो. चोलुलात यांनी लोक मारले त्याचं तो समर्थन करतो. गुलामांना डाग दिले, वाटून घेतले, त्यातल्या देखण्या बायका कोर्तेसने लपवल्या अशी तक्रार करतो, पण बायका वाटल्याच का, हा प्रश्न त्याला पडत नाही. स्वतः मोक्तेसुमाकडे एक सुंदर मुलगी मागून घेतली ते मोठ्या आदराने सांगतो. पण कुआउतेमोकला, म्हणजे शेवटच्या अझ्टेक राजाला, १५२५ मध्ये कोर्तेसने एका मोहिमेच्या वाटेत फाशी दिलं तेव्हा ते अन्यायाचं झालं, आम्हा सगळ्यांना वाईट वाटलं, हे पण तोच लिहितो. कोर्तेसची दुभाषी मालिंचे उर्फ दोन्या मारिना, तिच्याबद्दल त्याच्याइतकं मानाने कोर्तेसने पण लिहिलं नाही.

आणि नंतरचं आयुष्य काय तर एकदम आपल्या ओळखीचं. सांतियागो दे ग्वातेमाला, म्हणजे आजचं अँटिग्वा, तिथे रेगिदोर, म्हणजे आपल्या भाषेत नगरसेवक. जमीन, राबणारे तिथले मूळ रहिवासी, पोरंबाळं, आणि मला मिळायला हवं होतं ते मिळालं नाही म्हणून अर्ज, साक्षीदार, दोनदा, १५४० आणि १५५० ला, जहाजाने स्पेनला खेपा. पर्वरीला सेक्रेटरिएटला फाइल घेऊन फिरणाऱ्याला याचं दुःख लगेच कळेल, फक्त याला मध्ये अटलांटिक होता. खरं सांगायचं तर पुस्तक हा पण त्याचा एक लांबलेला अर्जच आहे. १५६८ साली तो मोजतो, कोर्तेसबरोबर क्युबातून आलेले आम्ही ५५०, आता सगळ्या मुलखात जिवंत फक्त पाच, सगळे म्हातारे, आजारी, कर्जबाजारी. आणि मध्येच एक आठवण, की १५१८ च्या खेपेत क्युबातून नेलेल्या संत्र्याच्या सातआठ बिया एका देवळाजवळ पेरल्या होत्या, तिथल्या पुजाऱ्यांनी पाणी घालून जगवल्या, नव्या स्पेनमधली पहिली संत्री माझी. याचं श्रेय तरी गोमाराने कोर्तेसला दिलं नाही, हे एक बरं झालं.

कोणी घ्यावं, कोणी घेऊ नये. ही पवनचक्कीवाली प्रत कोणीच घेऊ नये. कव्हरवर प्रकाशकाचा पत्ता नसेल, आतली पानं बघायची सोय नसेल, भाषांतर कोणाचं ते लिहिलेलं नसेल तर तिथूनच मागे फिरा. इंग्रजीत वाचायचंच असेल तर जे. एम. कोहेनचं १९६३ चं पेंग्विनचं भाषांतर शोधा, मला पणजीच्या एका ओळखीच्या प्रोफेसरांनी वाचायला दिलं, भाषा सरळ, नकाशे आहेत, घोडे घोडेच आहेत. फक्त ते संक्षिप्त आहे आणि राजधानी पडली की संपतं, नंतरची रडगाणी त्यात नाहीत, आणि मला तीच आवडली, तर काय करणार. ज्यांना संपूर्ण हवं त्यांनी मॉडस्लेचं बघावं, १९०८ ते १९१६ मध्ये पाच खंडांत निघालेलं, ते ग्वातेमालातल्या वहीवरून केलेलं आहे, साधूची भेसळ नसलेलं. त्याचं पण कॉपीराइट संपलंय, त्यामुळे मूळ पानांचे फोटो नेटवर फुकट मिळतात. फोटो म्हणतोय मी, मशीनने टाइप केलेलं नको. मराठीत कोणीतरी पूर्ण करायला हवं, बखरीच्या भाषेत फर्मास होईल.

माझी प्रत आता मामांकडे आहे, वाचता येत नाही तरी ठेवून घेतली. सुटलेली पानं त्यांनी लावून रबरबँड घातलाय, वर मिलिटरीच्या सवयीने प्लास्टिकची पिशवी. पान ३१२ ते ३२० सापडत नाहीत म्हणून परवा फोन आला होता. माझ्या गाडीच्या डिकीत निघाली, रविवारी नेऊन देतो.